मोफत सल्ल्याचे बिल

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील बहुतेक वैद्यबंधू-भगिनींच्या पाहण्यात गेल्या काही वर्षांत एक प्रकार वारंवार आला असेल. रुग्ण येतो, नाडी दाखवण्यापूर्वी पिशवीतून एक खोका काढून टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "हे घेतलं तर चालेल का? फुकट आलंय." खोका उघडून पाहावा तर आत वट्यांच्या दोन बाटल्या, एक चूर्ण, एक तेल आणि तळाशी दुमडलेली पावती. पावतीवर पहिल्या औषधाची किंमत शून्य लिहिलेली असते. त्याखाली पाठवणी, हाताळणी, नोंदणी, ‘तज्ज्ञ मार्गदर्शन’, घरपोच रोख रक्कम स्वीकारण्याचा आकार अशा पाच-सहा ओळी असतात. शेवटच्या ओळीतील आकडा वाचल्यावर ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ त्या रुग्णाला आपण कसा समजावून सांगावा, असा प्रश्न पडतो.

खोक्यातील औषधांच्या गुणवत्तेविषयी स्वतंत्रपणे लिहिता येईल. प्रस्तुत लेखाचा विषय ती पावती आहे, आणि त्या पावतीत आपल्या व्यवसायाचा जो वाटा आहे तो आहे.

या व्यवहाराची रीत एकदा नीट पाहून ठेवण्यासारखी आहे. मोबाइलवर जाहिरात येते. मधुमेह, सांधेदुखी, मूळव्याध, केस गळणे, यांपैकी ज्याविषयी रुग्णाने आदल्या दिवशी काही शोधले असेल नेमके तेच तीत असते. सल्ला मोफत, पहिला कोर्स मोफत. रुग्ण नाव, गाव, वय, व्याधी आणि फोन क्रमांक भरून देतो. काही मिनिटांत फोन येतो. बोलणारी व्यक्ती स्वतःस आयुर्वेदाचार्य म्हणवते. परंतु नोंदणी क्रमांक विचारला की फोन ‘वरिष्ठांकडे’ दिला जातो आणि बहुधा तेथेच बंद पडतो. न विचारल्यास मात्र संभाषण मोठ्या आपुलकीने चालते. पंधरा मिनिटे कोणी आपले दुखणे शांतपणे ऐकून घेतले, हे रुग्णाच्या दृष्टीने लहान सुख नव्हे. आपल्या गर्दीच्या दवाखान्यांत ते त्याला क्वचितच मिळते, हेही येथे मान्य केले पाहिजे.

मग पाठवणीचे किरकोळ शुल्क सांगितले जाते. ते मान्य झाले की कळते, मोफत कोर्स हा तीन महिन्यांच्या कोर्ससोबतच मिळतो. त्यालाही होकार मिळाला की ‘आपली प्रकृती पाहता’ एक तेल आणि एक काढा वाढतो. प्रत्येक पायरी लहान असते आणि प्रत्येक पायरीवर माघार घेणे अधिक अवघड होत जाते, कारण तोपर्यंत रुग्णाने आपला वेळ, आपली खासगी माहिती आणि आपला शब्द दिलेला असतो. पार्सल दारात आल्यावर ते नाकारणाऱ्या वृद्ध रुग्णांना नंतर ‘वकिलाची नोटीस येईल’ असे फोन आल्याचे मी स्वतः ऐकले आहे. नोटीस अर्थातच आली नाही. पण त्या भीतीने पुढचे पार्सल मात्र मुकाट्याने घेतले गेले.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन रचना, यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत अशा १३ प्रकारांची यादी आहे. किंमत आरंभी पूर्ण न सांगता टप्प्याटप्प्याने उघड करण्याच्या प्रकाराला तेथे ‘ड्रिप प्रायसिंग’ असे नाव दिले आहे. आपल्याकडे तासगावच्या द्राक्षबागायतदाराला ठिबक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच की बागेतील थेंब मुळाशी जातो आणि हा खिशातून बाहेर जातो. गिऱ्हाइकाने न निवडलेली वस्तू वा सेवा हळूच त्याच्या यादीत टाकणे, ‘शेवटचे दोनच संच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे, आणि एकदा सुरू झालेली वर्गणी बंद करण्याचा मार्ग दडवून ठेवणे, हेही त्याच यादीत आहे.

यांतील शेवटचा प्रकार आपल्या रुग्णांना सर्वांत कमी कळतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द अधिक. ‘केवळ एक रुपयात नोंदणी’ असे सांगून रुग्णाकडून यू.पी.आय. पिन टाकून घेतला जातो. त्याला वाटते आपण एक रुपया दिला. प्रत्यक्षात त्याने दरमहा ठरावीक रक्कम वळती करून घेण्याची संमती दिलेली असते. ऑटोपे ही सोय जुलै २०२० मध्ये सुरू झाली ती वीजबिल, विम्याचा हप्ता अशा देण्यांसाठी, आणि त्यासाठी ती चांगलीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम खात्यातून जाण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. सूचना येतेही. परंतु ती इंग्रजीत येते, आणि दिवसाला वीस-पंचवीस संदेश येणाऱ्या फोनवर येते. ज्या मुलाने गावी आल्यावर वडिलांना फोन घेऊन दिला, तो पुण्याला नोकरीवर परत गेलेला असतो.

‘मोफत’ या शब्दाला कायद्याने काही अर्थ ठेवला आहे का, असे कोणी विचारील. ठेवला आहे, आणि तो पुष्कळ स्पष्ट आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे याच प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी अधिसूचित केली. त्यांनुसार जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा अपरिहार्य खर्च आणि वस्तू आणून घेण्याचा वा पोहोचवण्याचा खर्च, एवढाच ग्राहकाकडून घेता येतो. वेष्टन, हाताळणी वा प्रशासकीय खर्च या नावाखाली पैसे घेतले तर त्या वस्तूला मोफत म्हणता येत नाही. मोफत वस्तू मिळवण्यासाठी जी दुसरी वस्तू विकत घ्यावी लागते, तिची किंमत त्यासाठी वाढवता येत नाही अथवा तिचा दर्जा घटवता येत नाही. ‘समाधान न झाल्यास पैसे परत’ या योजनेला ‘मोफत चाचणी’ म्हणता येत नाही. वर वर्णिलेल्या पावतीतील ओळी या कसोटीवर एकेक लावून पाहाव्यात. पाठवणीची एक ओळ कदाचित टिकेल.

अंमलबजावणीचे एक उदाहरण औषधविक्रीतील नाही, तरी बोलके आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये प्राधिकरणाने रॅपिडो या वाहतूकसेवा कंपनीला १० लाख रुपयांचा दंड केला. पाच मिनिटांत रिक्षा न आल्यास पन्नास रुपये मिळतील, अशी तिची जाहिरात होती. प्रत्यक्षात मिळत असे ते ‘पन्नास रुपयांपर्यंत’, तेही रोख नव्हे तर कंपनीच्या नाण्यांत. ती नाणी केवळ दुचाकीच्या फेरीसाठी चालत आणि सात दिवसांत बाद होत. ही जाहिरात ५४८ दिवस चालू राहिली. औषधाच्या बाबतीत दीड वर्ष म्हणजे किती रुग्ण आणि किती कोर्स, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

प्रकार ऑनलाइन असला तरी त्याचे मूळ पोस्टात आहे. १८७७ मध्ये हिंदुस्थानात व्ही.पी.ची पद्धत सुरू झाली आणि औषधविक्रीला सारा देश मोकळा झाला. औषध डाकेने जावे आणि पैसे टपालवाल्याने घेऊन यावे, ही सोय प्रामाणिक औषधालयांनाही वरदान ठरली. तिचाच आधार घेऊन पांढऱ्या डागांवरील औषधांच्या जाहिराती दशकानुदशके देशभरच्या नियतकालिकांत येत राहिल्या. त्यांतील पुष्कळशा बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील कतरीसराय परिसरातून निघत. ‘प्रचारार्थ औषध मोफत’ हा त्यांचा ठरलेला शब्दप्रयोग, आणि व्ही.पी.चा आकडा सोडवून घेताना कळायचा. पुढे त्याच परिसराचे नाव ऑनलाइन फसवणुकीवरील पोलीस कारवायांत वारंवार आले. साधन बदलले, कसब तेच राहिले. पांढरे डाग हा १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट व्याधी असूनही ते चालले.

आपलाच समाज भोळा आहे, असे मानण्याचेही कारण नाही. अमेरिकेत २०१० च्या सुमारास आसाई नावाच्या ब्राझिली फळाच्या वजन घटवणाऱ्या गोळ्या अशाच ‘मोफत चाचणी’वर विकल्या गेल्या. ग्राहक पाठवणीच्या किरकोळ खर्चासाठी कार्डाचा क्रमांक देई, आणि पुढे दरमहा सुमारे ८० डॉलर त्याच्या खात्यातून जात. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०११ मध्ये जेसी विल्म्स या कॅनडातील व्यावसायिकावर व त्याच्या कंपन्यांवर खटला भरला, तेव्हा या विक्रीतून ४५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाल्याचे आपल्या तक्रारीत म्हटले होते. २०१२ मध्ये तो खटला तडजोडीने मिटला. वनस्पतिज औषध, ‘नैसर्गिक’ हा शब्द आणि मोफत नमुना यांची जोडी जगात कोठेही जुळते, एवढे त्यावरून दिसते.

आता आपल्या वाट्याविषयी. काही सन्माननीय सभासदांना पुढील मजकूर रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.

सातारा-सांगलीतील किती दवाखान्यांच्या फलकांवर ‘मोफत तपासणी’, ‘मोफत नाडीपरीक्षण’ असे शब्द आहेत, ते पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत किंवा विश्रामबागेपासून गणपती पेठेपर्यंत एकदा चालत जाऊन पाहावे. आपल्याकडे वैद्याने तपासणीची फी वेगळी न घेता औषधासह रक्कम सांगण्याची रूढी जुनी आहे. तिच्या मुळाशी सद्भाव होता. गरीब रुग्णाकडून पुडीचे पैसेही न घेणारे वैद्य आपल्या आधीच्या पिढीत गावोगाव होते. परंतु त्या रूढीचा एक परिणाम असा झाला की निदानाला, म्हणजे आपल्या विद्येच्या गाभ्याला, काही मोल असते हे लोकांना कधी सांगितलेच गेले नाही. मोल नव्हते असे नाही. ते पुडीत मिसळलेले होते. सात पुड्यांच्या रकमेत औषध किती आणि सल्ला किती, हे रुग्णाला ठाऊक नसे आणि पुष्कळदा आपल्यालाही नसे. सल्ला फुकट असतो आणि पैसे औषधाचे असतात, हा धडा लोकांनी आपल्याकडूनच घेतला. दूरध्वनीवरून बोलणाऱ्या ‘आयुर्वेदाचार्या’ला तो नव्याने शिकवावा लागला नाही. तयार जमीन त्याला मिळाली.

या रूढीचा आणखी एक दोष आहे. सल्ल्याचे पैसे औषधातून काढायचे असतील तर प्रत्येक रुग्णाला औषध द्यावेच लागते. ज्याला केवळ रात्रीचे जागरण सोडायला सांगायचे, ज्याला लंघन पुरेसे आहे, त्यालाही काहीतरी बांधून द्यावे लागते. निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांना ही अवघड जागा आहे. ऑनलाइन विक्रेत्याने हाच दोष मोठ्या प्रमाणावर चालवला, एवढेच. त्याच्याकडे औषधाविना सल्ला संभवतच नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणतिसाव्या, दशप्राणायतनीय अध्यायात वैद्याचे सोंग घेतलेल्यांची लक्षणे आहेत. विद्यार्थिदशेत आपण ती परीक्षेपुरती वाचली. रुग्णाचा सुगावा लागताच धावून जाणे, आत्मप्रशंसा करणे, चालू असलेल्या वैद्याला नावे ठेवणे ही लक्षणे सर्वांच्या ध्यानात राहतात. त्याच ओघात आचार्यांनी आणखी एक लक्षण नोंदवले आहे, ते मात्र सहसा निसटते. आपल्याला फारसे काही नको, अशी प्रसिद्धी हे लोक स्वतःच करीत असतात. ‘मोफत’ या शब्दाचे इतके जुने निदान अन्यत्र माझ्या पाहण्यात नाही.

हा प्रश्न आता केवळ रुग्णांचा राहिलेला नाही, कारण अशा कंपन्यांचे प्रस्ताव आपल्या दाराशी आलेले आहेत. तरुण वैद्यांना ‘पॅनेल’वर येण्याचे निमंत्रण मिळते. छायाचित्र, नाव आणि नोंदणी क्रमांक वापरू द्यावा, दरमहा मानधन घ्यावे. फोनवर बोलणारे लोक कंपनीचे असतील. पदवीनंतर दवाखान्याचे भाडे आणि कर्जाचे हप्ते यांत अडकलेल्या मुलांना हा प्रस्ताव मोहक वाटला तर त्यांना दोष देववत नाही. तथापि त्यांनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २१ एकदा वाचावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो उत्पादकाप्रमाणेच त्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. शिफारस करणाऱ्यास एक वर्षापर्यंत, पुनरावृत्ती झाल्यास तीन वर्षांपर्यंत, अशा शिफारशींची मनाई करता येते. पुरेशी खातरजमा केली होती असे दाखवता आले तर दंडातून सुटका आहे. परंतु आपल्या नावाने कोण काय बोलतो हे ज्याला ठाऊक नाही, तो खातरजमा कशी दाखवणार? शिवाय एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी निघालेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आहेतच. दूरस्थ सल्ला देणाऱ्याने आपली ओळख व नोंदणी रुग्णाला कळवावी, हा त्यांतला पाया आहे.

औषधनिर्मात्यांकडे येणारा प्रस्ताव निराळा असतो. माल तुम्ही बनवा, नाव आमचे. आणि छापील किंमत आम्ही सांगू ती टाका. शेवटची अट निष्पाप दिसते, पण सारा खेळ तिच्यावर उभा आहे. ज्या वटीची बाटली शे-दीडशे रुपयांत आपल्याच परिचयाच्या औषधालयात मिळते, तिच्यावर दोन-अडीच हजारांची किंमत छापली गेली तरच ‘ऐंशी टक्के सूट’ आणि ‘एकावर दोन मोफत’ ही भाषा खरी भासते. लेबलावर उत्पादकाचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक असतो. तक्रार झाली की विक्रेत्याचे संकेतस्थळ रातोरात नाहीसे होईल, मात्र मिरज वा कराडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना कोठे जाणार? आपल्या कारखान्यातून निघणाऱ्या बाटलीवर अमुक किंमत का छापली, हे सांगता येत नसेल तर ती ऑर्डर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रे रिकामी ठेवण्याचा तोटा मला ठाऊक नाही असे नाही.

मोफत सेवाच नको, असा अर्थ कोणी काढू नये. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, तेव्हा लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मुक्कामांवर अनेक वैद्य व विद्यार्थी वारकऱ्यांचे सुजलेले पाय तेलाने चोळून देतात, व्रणांना पट्टी करतात, पोट बिघडलेल्यांना औषध देतात. तेथे कोणी कोणाचा फोन क्रमांक मागत नाही. ज्याला मोफत म्हणतात ते हेच. बाजारातही त्याचा एक प्रामाणिक भाऊबंद आहे, तो म्हणजे वानगी. सांगलीच्या पेठेत हळद पाहायला गेलेल्या गिऱ्हाइकाला पोत्यातील मूठभर हळकुंडे हातावर ठेवून दाखवतात. जे हातावर तेच पोत्यात असते आणि पाहून झाल्यावर ‘नको’ म्हणून निघून जाता येते. ऑनलाइन ‘नमुन्या’त नेमकी ही दुसरी गोष्ट नसते.

आपल्या संघटनेने काय करावे, याविषयी माझ्या सूचना थोड्या आहेत. सभासदांच्या फलकावरील ‘मोफत तपासणी’ हे शब्द काढून तेथे तपासणीची फी लिहावी. मग ती वीस रुपये असो की दोनशे. ज्याला माफ करायची त्याला प्रत्येक वैद्य माफ करीतच आला आहे, त्यासाठी फलकाची गरज नाही. औषधाची पावती वेगळी द्यावी. कोणत्याही कंपनीला आपले नाव देणाऱ्या सभासदाने ते संघटनेला लेखी कळवावे आणि रुग्णाला पहिल्याच वेळी संपूर्ण रक्कम सांगितली जाईल अशी अट करारात घालून घ्यावी. कंपनी ही अट मान्य करते की नाही, यावरून तिचा हेतू आपोआप कळेल.

रुग्णांना सांगण्यासारखे काही दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लावता येईल. पैसे खात्यातून गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. फसव्या विक्रीविषयी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ऑटोपेची संमती ज्या अ‍ॅपमधून दिली त्याच अ‍ॅपमध्ये रद्द करता येते, आणि हे काम आपल्या दवाखान्यातील कंपाउंडरसुद्धा दोन मिनिटांत करून देऊ शकतो. २०१९ च्या कायद्यापासून तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे दिल्लीच्या कंपनीविरुद्ध पाटणच्या रुग्णाला साताऱ्यात आणि जतच्या रुग्णाला सांगलीत तक्रार करता येईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्कही नाही. पावती आणि पार्सलवरील पत्त्याचा कागद मात्र जपून ठेवावा लागेल.

फी वेगळी लिहिण्याच्या सूचनेला माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतील वैद्यांचा विरोध होईल, असे मला वाटते. पाऊस न झालेल्या वर्षी तेथील रुग्ण औषधाचे पैसे कसेबसे देतो. फीचा आकडा वाचून तो दाराबाहेरूनच परत फिरेल, असे त्यांचे म्हणणे असू शकेल, आणि ते बिनबुडाचे म्हणता येणार नाही. तालुक्यागणिक निराळी व्यवस्था ठेवावी की काय, हे त्यांच्या अनुभवावाचून ठरवता येणार नाही. त्यांनी आपली मते पुढील अंकापूर्वी संपादकांकडे लिहून पाठवावीत, अशी विनंती आहे.